तोंड वाकडे झाले, कपाळाचे काय?

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या असतात. गंध, दृष्टी, चेहऱ्याची संवेदना व हावभाव, ऐकणे, गिळणे, बोलणे ही कामे त्यांच्यावर सोपविलेली आहेत. विकार मेंदूत आहे की मेंदूबाहेर पडलेल्या मज्जातंतूत, याचा पहिला अंदाज डॉक्टर या जोड्या तपासूनच बांधतात. त्यासाठी अवजड यंत्रे लागत नाहीत. विजेरी, कापूस, ट्यूनिंग फोर्क आणि अक्षरांचा तक्ता एवढ्यावर बरेचसे काम भागते.

क्रमवार तपासणी

पहिल्या मज्जातंतूसाठी डोळे मिटवून एकेका नाकपुडीला कॉफी किंवा लवंग हुंगवतात. अमोनियासारखा पदार्थ टाळतात, कारण त्याची झोंब पाचव्या मज्जातंतूलाही कळते. दुसऱ्यासाठी डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या धर्तीचा अक्षरतक्ता वाचून घेतात. तिसरा, चौथा व सहावा डोळे फिरवतात. म्हणून मान स्थिर ठेवून डॉक्टरांच्या फिरत्या बोटाकडे पाहावे लागते. एक पापणी अचानक खाली आली, त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि डोके तीव्र दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्यावर दाब देत असल्याची शंका घेतात. अशा वेळी विलंब जिवावर बेतू शकतो.

पाचव्यासाठी चेहऱ्यावर कापूस फिरवून स्पर्श जाणवतो का, हे विचारतात. आठव्यासाठी ट्यूनिंग फोर्क कानाजवळ व कानामागच्या हाडावर धरतात. ‘आ’ म्हणायला लावल्यावर पडजीभ एका बाजूला ओढली गेली, तर नवव्या-दहाव्याचा विकार संभवतो. खांदे उचलण्याच्या ताकदीवरून अकरावा कळतो. बारावा दुबळा झाल्यास बाहेर काढलेली जीभ दुबळ्या बाजूकडे वळते.

सातव्याचा निवाडा

सातवा मज्जातंतू चेहऱ्याचे स्नायू हलवतो. त्याची तपासणी करताना भुवया उंचावण्यास, डोळे घट्ट मिटण्यास व दात दाखविण्यास सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आज्ञा मिळतात. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला पक्षाघाताचा झटका आला, तरी कपाळावर बहुधा आठ्या पडतात. चेहऱ्याचा खालचा भाग मात्र ओघळतो. याउलट, सातवा मज्जातंतूच सुजला तर कपाळासह अर्धा चेहरा लुळा पडतो आणि डोळा मिटत नाही. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांच्या नावावरून या विकाराला ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात.

हा भेद उपचाराची दिशा ठरवतो. रक्ताच्या गुठळीने आलेल्या पक्षाघातात ती विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही, याची सीटी स्कॅनने खात्री करतात. बेल्स पाल्सीत ७२ तासांच्या आत सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या लाभदायक ठरतात. न मिटणारा डोळा कोरडा पडू नये, याचीही काळजी घ्यावी लागते. यातील बहुतेक रुग्ण बरे होतात.

कपाळाची खूण उपयुक्त असली, तरी अचूक नव्हे. मेंदूच्या देठातील काही झटक्यांत कपाळही लुळे पडते. म्हणूनच हा निवाडा आरशासमोर करण्याचा नाही. तोंड अचानक वाकडे झाल्यास, विशेषतः हातातील बळ गेले असेल किंवा वाचा अडखळत असेल तर, मालिश आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. त्रास किती वाजता सुरू झाला, हेही डॉक्टरांना न विसरता सांगावे.