मुंबई हाय व इंधनदराचा वाद

मुंबईच्या पश्चिम-वायव्येस सु. १६० किमी. अंतरावर अरबी समुद्राच्या तळाखाली असलेले खनिज तेलाचे क्षेत्र ‘मुंबई हाय’ (पूर्वीचे नाव ‘बॉम्बे हाय’) या नावाने ओळखले जाते. ‘हाय’ या शब्दाचा संबंध पुष्कळदा खोल समुद्राशी लावला जातो, तो चुकीचा आहे. भूविज्ञानात भूकवचातील थरांच्या उंचवट्यास ही संज्ञा लावतात. येथे पाण्याची खोली सु. ७५ मी. एवढीच आहे. तेल मुख्यतः मायोसीन काळातील चुनखडकाच्या थरांत साठलेले आहे. या क्षेत्राचे भूवैज्ञानिक वर्णन प्रस्तुत नोंदीचा विषय नाही (पहा : खनिज तेल). त्याच्याभोवती पन्नास वर्षे चाललेल्या एका वादाचा इतिहास येथे द्यावयाचा आहे. आपल्या समुद्रात तेल निघाल्याने आपल्याला इंधन स्वस्त मिळावयास हवे काय, आणि महागाईच्या काळात ते किती वेगाने उपसावे, हे त्या वादाचे दोन मुख्य प्रश्न होत.

हे प्रश्न किनाऱ्यावरून पाहण्यापेक्षा सोनगीरसारख्या देशावरील गावातून पाहिले असता अधिक स्पष्ट दिसतात. धुळ्याच्या उत्तरेस सु. २० किमी.वर, किल्ल्याच्या टेकडीशी वसलेले हे गाव मुंबई-आग्रा मार्गावर आहे. मुंबईपासून त्याचे रस्त्याने अंतर सु. ३४० किमी. भरते, म्हणजे मुंबई हायच्या तेलविहिरी व सोनगीर यांच्यामध्ये मुंबई उभी आहे. खानदेशातून लोहमार्ग गेल्यावर या जुन्या मार्गाचे महत्त्व उणावले होते. मोटारमालवाहतूक वाढल्यावर ते पुन्हा आले आणि तेव्हापासून या मार्गाचे बरेवाईट डिझेलच्या भावाशी बांधले गेले. सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तांबटांना लागणारा पत्रा व मोड बाहेरून यावयाची आणि तयार भांडी बाजारोबाजारी जावयाची, ती रस्त्यानेच. परिसरातील शेतकऱ्याच्या विहिरीवर वीज येण्यापूर्वी, व पुढे वीज नसेल त्या वेळी, ऑइल इंजिन चाले. घरात रॉकेलची चिमणी किंवा कंदील असे. त्यामुळे तेलाचा भाव भाडे, पाणी व उजेड अशा तीन वाटांनी गावात शिरत असे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील तेलाचा व्यापार बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक (नंतर एसो) व कॅलटेक्स या परकीय कंपन्यांच्या हाती होता. त्या काळची किंमत ठरविण्याची रीत आज वाचताना नवल वाटते. इराणच्या आखातातून मुंबईस आलेले तेल जणू अमेरिकेच्या मेक्सिको आखातातून आले आहे, असे गृहीत धरून त्याची किंमत व जहाजभाडे लावण्याची प्रथा दीर्घकाळ होती. पुढे आधार बदलला, तरी आयात-समतुल्य किंमतीचे तत्त्व टिकले. बंदरातील भाव अधिक आतवरचे भाडे असा हिशेब असल्याने किनाऱ्यापासून जितके दूर तितके इंधन महाग, हे ओघानेच आले. दामले समिती (१९६१), तालुकदार समिती (१९६५) व शांतिलाल शाह समिती (१९६९) यांनी कंपन्यांच्या या हिशेबाची क्रमाने तपासणी केली व नफ्यास कात्री लावली. तथापि देशात पुरेसे तेल नसल्याने मूळ तत्त्वाला पर्याय उभा राहिला नाही.

तो शोधण्याचे काम १९५६ मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाकडे होते. केशवदेव मालवीय हे त्यामागील प्रमुख राजकीय सूत्रधार होत. १९६० नंतरच्या दशकात ‘अकादमीक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएट सर्वेक्षण जहाजाच्या साहाय्याने खंबायतच्या आखातात व मुंबईसमोरील समुद्रात भूकंपीय पाहणी झाली आणि या उंचवट्याचा सुगावा लागला. १९७० मध्ये अलियाबेट येथे आखातातील उथळ पाण्यात पहिली सागरी विहीर खोदण्यास प्रारंभ झाला. मात्र उघड्या समुद्रात उतरण्यास लागणारा खर्च व यंत्रसामग्री पाहता अनेकांना हे साहस परवडणारे वाटत नव्हते. अखेर जपानमध्ये बांधलेला ‘सागर सम्राट’ हा फिरता वेधन मंच घेण्यात आला. हाच मंच पुढे एक रुपयाच्या नोटेवर झळकला.

तो समुद्रात पोहोचेपर्यंत जग बदलले होते. ऑक्टोबर १९७३ मधील अरब-इझ्राएल युद्धानंतर तेलनिर्यातदार देशांनी किंमती वाढविल्या. १९७३ च्या आरंभी पिंपास तीन डॉलरांच्या आत असलेला भाव जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरांवर गेला. भारताचे उत्पादन तेव्हा वर्षास सु. ७० लक्ष टन, म्हणजे गरजेच्या सु. एक-तृतीयांश होते. सरकारने पेट्रोल व रॉकेल यांचे दर वाढविले. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. दिल्लीत ती निदर्शनाची वस्तू होती. आग्रा मार्गालगतच्या गावांत बैलगाडी तेव्हाही रोजच्या वापरात होती, आणि रॉकेलची वाढ तेथे पेट्रोलपेक्षा अधिक झोंबली असली पाहिजे.

अशा वेळी फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायच्या पहिल्याच विहिरीस तेल लागले. २१ मे १९७६ रोजी प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. आरंभी तेल जहाजांतून येई. १९७८ मध्ये उरणपर्यंत समुद्रतळावरून नळमार्ग झाले. याच सुमारास एसो, बर्मा-शेल व कॅलटेक्स यांचे राष्ट्रीयीकरण होऊन मुंबईचे परिष्करण कारखाने सरकारी मालकीचे झाले. कच्छ व बंगालच्या किनाऱ्यालगत परदेशी कंपन्यांना दिलेल्या क्षेत्रांत काही हाती लागले नाही आणि त्या परतल्या. त्यामुळे स्वबळाच्या धोरणाचा कैवार घेणाऱ्यांची बाजू त्या काळी भक्कम ठरली.

आता तेल आपले, कारखाने आपले. मग भाव उतरावयास हवा, अशी सामान्य अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही, आणि तिची कारणे लपलेली नव्हती. १९७६ च्या कृष्णस्वामी समितीनंतर उत्पादकास खर्चावर आधारलेली किंमत व ठरावीक परतावा देण्याची पद्धत आली. ही किंमत जागतिक भावाहून पुष्कळ कमी असे. परंतु यातून झालेली बचत ग्राहकाकडे सरसकट गेली नाही. अधिभार, उत्पादनशुल्क व तेल-समाशोधन खाते यांमधून ती फिरविली गेली: पेट्रोल महाग ठेवावयाचे, रॉकेल, घरगुती गॅस व काही प्रमाणात डिझेल स्वस्त द्यावयाचे. सोनगीरच्या दृष्टीने पाहता या व्यवस्थेने चिमणीला तेल दिले, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्र राज्याच्या तिजोरीत मात्र या तेलाचे स्वामित्वधन आले नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे समुद्रतळाखालील खनिजे संघराज्याच्या मालकीची असतात. जमिनीवरील तेलासाठी आसाम व गुजरात यांना स्वामित्वधन मिळते. मुंबईचे नाव असलेल्या तेलावर महाराष्ट्राचा तसा हक्क नाही.

वादाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. १९७९ मध्ये इराणमधील क्रांतीने दुसरी भाववाढ आली, पुढील वर्षी इराण-इराक युद्ध सुरू झाले, आणि त्याच काळात आसामातील आंदोलनामुळे तेथील तेलाचा प्रवाह अडला. परकीय चलन वाचविण्याचा एकच मार्ग हाताशी होता: मुंबई हायचे उत्पादन झपाट्याने वाढविणे. देशाचे एकूण उत्पादन १९८०-८१ मधील सु. १ कोटी ५ लक्ष टनांवरून १९८४-८५ मध्ये सु. २ कोटी ९० लक्ष टनांवर गेले. त्यात मुंबई हायचा वाटा सु. २ कोटी टनांचा होता. देशाची बहुतांश गरज देशी तेलाने भागू लागली. एवढ्या थोड्या काळात असे यश दुसऱ्या क्वचितच एखाद्या सार्वजनिक उद्योगाने दाखविले असेल.

त्याची किंमत मात्र खडकाने मोजली. तेलाच्या थरात वायू विरघळलेला असतो व त्याच्या दाबाने तेल वर येते. सोड्याची बाटली घाईने उघडली की वायू निसटतो व पेय आत राहते. तसेच काहीसे येथे घडते. उपसा फार वेगाने झाला की दाब घटतो, वायू सुटा होऊन आधी बाहेर पडतो आणि तेलाचा मोठा भाग खडकाच्या छिद्रांत अडकून राहतो. हे टाळण्यासाठी पाणी दाबाने आत सोडावे लागते. मुंबई हायमध्ये ते काम १९८४ मध्ये, म्हणजे उत्पादनास आठ वर्षे झाल्यावर सुरू झाले. तेलाबरोबर येणारा वायू वापरण्याची साधने अपुरी असल्याने त्यातील बराचसा समुद्रातच जाळला जाई. थळ येथील खत कारखाना १९८५ च्या सुमारास चालू झाल्यावर त्याला काही वाट मिळाली. १९८९-९० मध्ये देशाचे उत्पादन सु. ३ कोटी ४० लक्ष टनांच्या शिखरावर पोहोचले व तीनच वर्षांत सु. २ कोटी ७० लक्ष टनांवर घसरले. त्यातही मुंबई हायमधील अनेक विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. त्याच सुमारास, १९९०-९१ मध्ये, आखाती युद्ध येऊन सोने गहाण टाकण्याची पाळी आली. अतिउपशाची टीका त्या वेळी संसदेत व वृत्तपत्रांत जोराने झाली. तंत्रज्ञांनी सावधगिरीचा सल्ला दिला नव्हता असे मानण्याचे कारण नाही. पण आयातबिलाच्या आकड्यापुढे खडकातील दाबाच्या आकड्यास वजन मिळणे कठीण होते. प्रस्तुत लेखकाच्या मते, महागाईच्या भीतीने ठरविलेला हा वेग ही या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली गोष्ट होय. २००० नंतर हाती घेतलेल्या पुनर्विकास कार्यक्रमांनी घसरण रोखून धरली, इतकेच.

समुद्रातील कामाची जोखीम दरपत्रकात दिसत नाही, म्हणून तिचा उल्लेख आवश्यक आहे. १९८२ मध्ये ‘सागर विकास’ मंचावर विहीर उफाळून आग लागली. २७ जुलै २००५ रोजी एक साहाय्यक जहाज उत्तर मुंबई हायच्या मंचावर आदळून लागलेल्या आगीत २२ जण दगावले. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळात ‘पी ३०५’ हा कामगारांचा तराफा २६१ जणांसह बुडाला व त्यांतील सत्तरांवर कामगार प्राणास मुकले. कोळ्यांची तक्रार निराळी आहे: मंचांभोवतीचा ५०० मीटरचा सुरक्षापट्टा व सर्वेक्षणाचे महिने यांमुळे मासेमारीची जागा आकसते, आणि गळतीचे तवंग त्यांच्या जाळ्यांत येतात.

स्वस्त रॉकेलची व्यवस्थाही निर्दोष नव्हती. एकाच टाकीगृहातून निघणाऱ्या रॉकेल व डिझेल यांच्या दरांत मोठे अंतर ठेवले की भेसळीचा धंदा उभा राहतो. १९९० च्या दशकाअखेर मुंबईहून मनमाडपर्यंत नळमार्ग आला आणि मनमाडजवळील पानेवाडी हे उत्तर महाराष्ट्राच्या इंधनपुरवठ्याचे केंद्र बनले. त्याच परिसरात २५ जानेवारी २०११ रोजी भेसळ पकडण्यास गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. गरिबाच्या चिमणीसाठी दिलेले अनुदान ट्रकच्या टाकीत जात होते, हे तोवर सर्वांस ठाऊक होते. एका अधिकाऱ्याच्या मृत्यूने ते नाकारणे अशक्य झाले. पुढील दशकात रॉकेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढवीत अनुदान जवळजवळ संपविण्यात आले.

दरम्यान नियंत्रित किंमतीची पद्धत १ एप्रिल २००२ पासून कागदोपत्री रद्द झाली. पेट्रोल जून २०१० मध्ये, डिझेल ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले आणि जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत आली. आता देशी तेलाची किंमतही जागतिक भावाने ठरते. म्हणजे जुन्या कंपन्यांच्या काळातील आयात-समतुल्य तत्त्व वळसा घेऊन परत आले. २०१४ नंतर जागतिक भाव कोसळले तेव्हा केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढविले. मे २०२० मध्ये ते पेट्रोलवर लिटरमागे ३२.९८ रु. झाले व २०२१-२२ मध्ये दोनदा कमी करण्यात आले. राज्याचा विक्रीकर वेगळा. ऑक्टोबर २०१५ मध्ये महाराष्ट्राने दुष्काळनिवारणासाठी लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. दुष्काळात पाणी खेचण्यासाठी इंजिन चालविणाऱ्या शेतकऱ्याने तो डिझेलबरोबर भरला, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१७ च्या वस्तू व सेवा करातून कच्चे तेल, पेट्रोल व डिझेल वगळण्यात आल्याने राज्याराज्यांतील तफावत कायम राहिली. गुजरातेत कर कमी असल्याने नवापूरकडील वाहने सीमेपलीकडे टाकी भरतात. पानेवाडीपासून दूर असलेल्या परभणीचा पेट्रोलदर राज्यात सर्वांत चढा म्हणून वारंवार बातमीत आला, तोही वाहतूकखर्चाच्या त्या जुन्याच हिशेबाने.

जुलै २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे भाव चढताच देशी कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रु. इतका विशेष कर बसविण्यात आला. तो वरचेवर बदलत डिसेंबर २०२४ मध्ये रद्द झाला. देशाच्या गरजेचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग आता पुन्हा आयातीने भागतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायचे उत्पादन वाढविण्यासाठी तांत्रिक सेवा पुरविण्याचे काम ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीकडे सोपविण्यात आले. जुन्या थरांतून उरलेले तेल कोणत्या वेगाने काढावे, हा तिच्यापुढील पहिला प्रश्न आहे. सोनगीरवरून जाणाऱ्या मार्गाला नव्या क्रमांकरचनेत राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात. त्यावरील पंपाच्या फलकावरचा आकडा मात्र समुद्रातील विहिरीपेक्षा जागतिक बाजार, दिल्लीचे शुल्क व मुंबईचा विक्रीकर यांच्या बेरजेतून येतो.