सायकल परत आली, त्याची गोष्ट

नेदरलँड्सने सायकल एकदा जवळजवळ गमावली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर समृद्धी आली, मोटारी वाढल्या आणि शहरे त्यांच्यासाठी मोकळी होऊ लागली. १९७१ साली रस्ते अपघातांत ३,००० हून अधिक बळी गेले; त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक देत आईबाप रस्त्यावर उतरले.

१९७३ च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारबंदी केली. ४ नोव्हेंबरच्या पहिल्याच रविवारी ओस महामार्गांवर लोक सायकली घेऊन आले.

पुढे सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग आणि स्थानकांपाशी वाहनतळ झाले. घरापासून स्थानकापर्यंत सायकल, पुढे रेल्वे, हा अनेकांचा नित्यक्रम झाला. उट्रेख्ट स्थानकाखालील, २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या वाहनतळात सुमारे १२,५०० सायकली मावतात. त्या शिस्तबद्ध रांगांची सुरुवात मात्र शोकातून झाली होती.