अंगावरून वारे गेल्यानंतर

अर्धांगवायूला आपल्याकडे ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची रीत आहे. वाऱ्यासारखे आले आणि एक बाजू घेऊन गेले, असाच अर्थ लोकांनी ह्या शब्दांत भरला असावा. माणूस इस्पितळातून घरी येतो, ओटीवरच्या खाटेवर त्याचे अंथरूण घातले जाते आणि सारे घर त्याच्या सेवेला लागते. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना मी अशी सेवा पुष्कळ पाहिली आहे. घास भरवणाऱ्या सुना पाहिल्या, कूस बदलून देणारे मुलगे पाहिले. मात्र त्या आजाऱ्याला त्याच्याच दुबळ्या हाताने घास उचलावयास लावणारे घर क्वचितच दिसले. ह्या दोन गोष्टींतील अंतर वैद्यकशास्त्रालाही फार उशिरा उमगले, आणि ते उमगण्याच्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने इस्पितळाबाहेर, साध्या घरांत लिहिली गेली आहेत.

पेद्रो बाख-इ-रीता हे मूळचे कातालान कवी व पंडित. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात ते अध्यापन करीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, पासष्टीच्या सुमारास, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली आणि अर्धे अंग लुळे पडले. त्या काळी काही आठवड्यांचे उपचार झाले की पुढे सुधारणेची आशा नाही, असे वैद्य प्रामाणिकपणे मानीत. त्यांचा मुलगा जॉर्ज मेक्सिकोत वैद्यकीचे शिक्षण घेत होता. त्याने वडिलांना तेथे आपल्या घरी नेले. पुनर्वसनशास्त्राचे त्याला काही ज्ञान नव्हते, आणि कदाचित तेच पथ्यावर पडले. मूल चालण्यापूर्वी रांगते, तेव्हा वडिलांनीही प्रथम रांगावे, असे त्याने ठरवले.

भिंतीच्या आधाराने, दुबळा खांदा भिंतीला टेकवून, हे प्राध्यापक कित्येक महिने रांगले. पुढे ते बाहेर बागेतही रांगू लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी नाके मुरडली. एका विद्वानाला जनावरासारखे रांगावयास लावणे त्यांना अशोभनीय वाटले. (आपल्या गावात ह्याहून वेगळे काय झाले असते?) मुलाने जमिनीवर गोट्या टाकाव्यात आणि वडिलांनी त्या लुळ्या हाताने पकडाव्यात, असा खेळ चाले. भांडी घासणे हाही व्यायामच होता: डावा हात पातेले धरून ठेवी आणि उजवा हात आधी एका दिशेने, मग उलट दिशेने गोल फिरे. सुमारे वर्षभरात पेद्रो पुन्हा शिकवण्याइतके बरे झाले. पुढे कोलंबियात डोंगर चढत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूची मोठी हानी दिसून आली, आणि ती भरून निघालेलीच नव्हती. तरीही तो माणूस चालत, बोलत, शिकवीत होता. दुसरा मुलगा पॉल स्वतः वैद्य होता. त्याने हा पुरावा पाहिला आणि मेंदू आपली कामे नव्याने वाटून घेऊ शकतो, ह्या विचाराला आयुष्य वाहिले.

१९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकन अभिनेत्री पॅट्रिशिया नील हिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय अवघे ३९, त्यात ती गरोदर. तिचे पती, लेखक रोआल्ड डाल, तिला इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन येथील घरी घेऊन आले आणि त्यांनी शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. कोणी शब्द शिकवी, कोणी वाचून घेई, कोणी कोडी घाली. दिवसाचे कित्येक तास हे चाले. डाल ह्यांची कठोरता आज निर्दय वाटते, आणि तिला स्वतःलाही ती पुष्कळदा तशीच वाटली. १९६८ च्या ‘द सब्जेक्ट वॉज रोझेस’ ह्या चित्रपटातून ती पडद्यावर परतली. तिला शिकवणाऱ्या शेजारीण व्हॅलरी ईटन ग्रिफिथ ह्यांनी १९७० साली ह्या पद्धतीवर पुस्तक लिहिले, आणि ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी स्वयंसेवकांचे कार्य उभारण्यात पुढाकार घेतला.

शास्त्र मागाहून आले. एडवर्ड टाउब ह्यांनी दाखवले की दुबळा हात वापरात न आल्याने अधिकच निकामी होतो. चांगला हात बांधून ठेवला तर दुबळ्याला काम करावेच लागते. २२२ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीने २००६ साली ह्या उपचाराचा लाभ सिद्ध केला.

मग कुटुंबाला शिकवले की काम झाले, असे कोणासही वाटेल. भारतात नेमके हेच तपासले गेले. १४ केंद्रांतील १२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातलगांना इस्पितळात व नंतर घरी दोन महिन्यांपर्यंत प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच. हा निष्कर्ष कटू खरा, परंतु मला तो मोलाचा वाटतो. सुनेने चूल, मूल आणि नोकरी सांभाळून थोडक्या शिकवणीवर उपचारकही व्हावे, ही अपेक्षाच अन्यायाची होती. जॉर्जने कित्येक महिने दिले होते. ग्रेट मिसेंडनला अख्खी वस्ती होती.

दूरस्थ पुनर्वसनाचे महत्त्व येथे ध्यानात येते. २०१९ साली अमेरिकेतील ११ केंद्रांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. हात दुबळा झालेल्या १२४ रुग्णांपैकी काहींनी केंद्रात जाऊन, तर काहींनी घरीच संगणकासमोर बसून ३६ सत्रे पूर्ण केली. प्रत्येक सत्र ७० मिनिटांचे. घरच्या संगणकावर हातांचे खेळ होते, आणि निम्म्या सत्रांत उपचारक पडद्यावरून पाहत व चुका सुधारीत असे. घरच्या गटाची सुधारणा केंद्रातील गटापेक्षा उणी ठरली नाही. उरलेल्या निम्म्या सत्रांत मात्र, केंद्रात काय आणि घरी काय, रुग्ण आखून दिलेला व्यायाम एकट्यानेच करीत होता.

अशी यंत्रणा आपल्या घरी सहसा नसते. मोबाइल मात्र बहुतेक घरांत आहे. म्हणून इस्पितळातून आजाऱ्याला घरी नेताना नातलगांनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: रोज कोणता व्यायाम किती वेळा करावयाचा, ते मराठीत लिहून, तो व्यायाम करतानाचे चित्रण, आपल्याच मोबाइलवर घेतलेले, आणि आठवड्यातून एकदा व्हिडिओवरून पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे नाव व वेळ. पडण्याची भीती असलेल्या आजाऱ्याजवळ त्या वेळी घरचे कोणी उभे असावे. दुपारी घरात कोणीच नसेल, तर शेजारच्या आळीतील निवृत्त शिक्षिकेला विचारून पाहावे.