होडीतून पाहिलेला जंजिरा

आम्ही घाटमाथ्यावरच्या इगतपुरीचे. १८६५ साली थळघाट चढून रेल्वे आमच्या गावी आली आणि दर्या जवळ आला. तरी कोळ्यांचे गाव आम्ही पाहिले ते मुरूडजवळच्या राजपुरीत. आमच्याकडचा त्र्यंबकगड आणि राजपुरीसमोरचा जंजिरा हे दोन्ही एकेकाळी अहमदनगरच्या निजामशाहीत होते. त्या ओढीनेच गेलो.

धक्क्यावर जाळी वाळत होती. शिडाच्या होडीतून किल्ल्याकडे निघालो. 'जझीरा' म्हणजे बेट. या अरबी शब्दाचा जंजिरा झाला. हा किल्ला सिद्दींचा, असे आम्ही लहानपणापासून अभिमानाने ऐकत आलो. परंपरा मात्र सांगते की, चाच्यांपासून वस्ती राखण्यासाठी इथला पहिला लाकडी मेढेकोट राम पाटील या कोळ्याने उभारला आणि निजामशाहीच्या पिरमखानाने तो कपटाने घेतला. पुढे शिवाजी महाराजांच्या माणसांसाठी जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावणारा लाय पाटील, तोही कोळीच.

किल्ला कुणाचा, या वादात ज्यांच्या होड्यांवर दोन्ही बाजू तरल्या त्यांना आपण विसरलो. १९४८ साली संस्थान विलीन झाले, तोफा मुक्या झाल्या. राजपुरीच्या होड्या अजून चालतात. किल्ल्याच्या दरवाजाशी लाटांवर होडी हेलकावत असताना नावाड्याने आम्हांला हात दिला. तेव्हा वाटले, पिरमखानाचे कपट सांगताना आपली जीभ अडखळत असेल, तर सिद्दींचे शौर्य सांगण्याचाही आपल्याला हक्क नाही.