हृदंतःशोथ, जंतुजन्य

हृदयाच्या आतल्या अस्तराला, बहुधा झडपांना, जीवाणूंमुळे होणारा संसर्ग. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एन्डोकार्डायटिस’.

निरोगी झडपेवर जंतू सहसा टिकत नाहीत. लहानपणीच्या रुमॅटिक तापाने झडप खडबडीत झालेली असली, तिच्यात जन्मजात दोष असला किंवा कृत्रिम झडप बसवलेली असली, की तिथे प्लेटलेट व फायब्रिन यांचा थर साचतो. हिरड्यांतून रक्तात शिरलेले स्ट्रेप्टोकॉकस त्या थरावर रुजतात आणि त्यांचे पुंजके वाढू लागतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस अधिक घातक. तो त्वचेतून किंवा डायालिसिसच्या नळीतून येतो, धडधाकट झडपेलाही सोडत नाही आणि काही दिवसांत तिची चाळण करतो. पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

स्ट्रेप्टोकॉकसचा आजार मात्र दबक्या पावलांनी येतो. आठवडेच्या आठवडे बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन. आपल्याकडे अशा रुग्णावर आधी टायफॉइड, मग क्षय समजून उपचार होतात. खरी हानी इथेच होते. प्रतिजैविकाचा अर्धवट डोस ताप उतरवतो, पण झडपेतले जंतू मारत नाही. उलट रक्तात ते सापडेनासे होतात. म्हणून झडपेचा दोष माहीत असलेल्या माणसाचा ताप हटत नसेल, तर औषधाच्या पहिल्या डोसाआधी निरनिराळ्या शिरांतून तीन वेळा रक्त घेऊन ब्लड कल्चर करावे. पुंजके इकोत दिसतात; छातीवरून दिसले नाहीत, तर अन्ननलिकेतून इको करतात.

विल्यम ऑस्लर यांनी 1885 मध्ये लंडनच्या व्याख्यानांत या रोगाचे सविस्तर वर्णन केले. तेव्हा उपाय नव्हता. संगीतकार गुस्ताव्ह माहलर यांच्या रक्तात 1911 साली न्यूयॉर्कमध्ये स्ट्रेप्टोकॉकस सापडला, अचूक निदान झाले, तरी त्याच वर्षी मे महिन्यात व्हिएन्नात त्यांचा अंत झाला. पेनिसिलिन आल्यावर 1940 च्या दशकात रुग्ण वाचू लागले.

पुंजक्याच्या गाभ्यातले जंतू सुस्त असतात, त्यामुळे औषध शिरेतून बहुधा चार ते सहा आठवडे द्यावे लागते. बरे वाटले म्हणून ते मध्येच थांबवणे घातक. झडप गळून हृदय थकू लागले किंवा आत गळू झाले, तर शस्त्रक्रिया लांबवू नये. आजही रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी सुमारे 15 ते 30 टक्के दगावतात.

कृत्रिम झडप असलेल्यांनी किंवा हा आजार पूर्वी होऊन गेलेल्यांनी दात काढण्याआधी दंतवैद्याला ते आवर्जून सांगावे. त्यांना प्रतिजैविकाचा एक डोस आधी घ्यावा लागतो.