देणगी नको म्हणणारा दवाखाना

भिलाई म्हटलं की आपल्याला पोलाद कारखाना आठवतो. आजची गोष्ट त्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्लीराजहऱ्याची. जून १९७७मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात ११ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ला शहीद हॉस्पिटल उघडलं. ते उभारलं खाणकामगारांच्या युनियनने. नेते होते शंकर गुहा नियोगी.

पैसा कामगारांच्या भत्त्यांतला, बांधकामाला हातही त्यांचेच. बाहेरच्या देणगीदार संस्थांचा पैसा मात्र घ्यायचा नाही, असं ठरलं. हा हट्ट वाटेल. मला तो व्यवहार वाटतो. इमारत बांधून देणारा उद्या समितीवर आपला माणूस मागतो, आणि संप सुरू झाला की तोच माणूस विचारतो, दवाखाना युनियनच्या बाजूने का? इथे कारभार डॉक्टर आणि कामगार एकत्र बसून बघत.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. १८७०च्या पुण्याच्या सार्वजनिक सभेत सभासद व्हायला किमान ५० लोकांचं मुखत्यारपत्र लागे. (अध्यक्षपदी मात्र औंधचे पंतप्रतिनिधी! मोठ्या नावाचा मोह तेव्हाही होताच.)

देणगी नाकारली की सगळा भार सभासदांवर येतो. खाणीत यंत्रं आली की कामगार कमी होतात, म्हणजे वर्गणीही आटते. यांत्रिकीकरणाविरुद्ध युनियन लढली ती आधी पोटासाठी, पण दवाखान्याचाही प्रश्न होताच. २८ सप्टेंबर १९९१ला भिलाईत नियोगींचा खून झाला. हॉस्पिटल त्यानंतरही चालू राहिलं.