एकाच लहरीवर अनेकांचें बोलणें

पॅसिफिक महासागराच्या मध्यभागीं हवाई नांवाचीं बेटें आहेत. त्यांपैकीं ओआहू बेटावर, होनोलूलू शहरानजीकच्या मानोआ खोऱ्यांत, तेथील विद्यापीठाचें मुख्य केंद्र आहे. त्याच्या शाखा व महाविद्यालयें मात्र निरनिराळ्या बेटांवर विखुरलेलीं. मोठा संगणक मानोआंत, आणि त्याचा उपयोग करूं इच्छिणारा विद्यार्थी कदाचित् हिलोला, म्हणजे समुद्रापलीकडे. दोघांना जोडण्यास दूरध्वनीची तार हेंच रूढ साधन होतें. पण तें महाग होतें आणि भरंवशाचेंहि नव्हतें. १९६८ सालीं नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तारेवांचून हें काम साधावयाचें ठरविलें. अब्रॅमसन हे मूळचे बॉस्टनचे. फळीवर उभें राहून लाटांवर स्वार होण्याचा त्यांना नाद होता, आणि त्या नादानेंच त्यांना हवाईला ओढून नेलें असें सांगतात.

तारेचा दोष केवळ किंमतीचा नव्हता. दोघे बोलत असतील तोंवर वाट त्यांच्यापुरती राखून ठेवावयाची, हा दूरध्वनीचा नियम. माणसांच्या संभाषणाला तो शोभतो. संगणकापाशीं बसलेला मनुष्य मात्र एक ओळ लिहितो, बराच वेळ विचार करतो, मग पुन्हां एक ओळ लिहितो. राखून ठेवलेली वाट बहुतेक वेळ ओसच पडते. बिनतारी संदेशांतहि प्रत्येकाला स्वतंत्र लहर नेमून दिली असती, तर तोच अपव्यय आकाशांत झाला असता.

म्हणून सर्व दूरस्थ यंत्रांना मिळून एकच लहर देण्यांत आली. ४०७.३५० मेगॅहर्ट्झ या लहरीवर सर्वांनीं केंद्राकडे बोलावयाचें, आणि ४१३.४७५ मेगॅहर्ट्झवर केंद्रानें सर्वांना उत्तर द्यावयाचें. मजकूर फार तर ८० अक्षरांच्या पाकिटांत घालीत. त्यावर पाठविणाऱ्याचा क्रमांक, आणि वाटेंत कांहीं बिघडलें काय हें ओळखण्याची खूण. असें भरलेलें पाकीट सेकंदाच्या तेराव्या-चौदाव्या हिश्शांत जाई. पण तें पाठवावयाचें केव्हां? कोणाचीहि परवानगी न घेतां, मनास येईल तेव्हां! पाकीट धड पोंचलें तर केंद्र पोंच देई. दोन पाकिटें एकमेकांवर आदळलीं तर दोन्हीं बिघडत, पोंच येत नसे, आणि प्रत्येक यंत्र थोडें थांबून आपलें पाकीट पुन्हां पाठवी. हें थांबणें चिठ्ठी टाकून ठरविल्यासारखें, प्रत्येकाचें निराळें असे. नाहीं तर तींच दोन यंत्रें पुन्हां एकदम बोलून पुन्हां आदळलीं असतीं. जून १९७१ मध्यें हें जाळें चालूं झालें. हवाईच्या लोकांचा नमस्कार ‘अलोहा’, तेंच त्याला नांव मिळालें. केंद्रांतील वाटाड्या संगणकाला ‘मेनेहुने’ म्हणत. हे तेथील लोककथांतले बुटके लोक, रात्रींतून बांधकामें उरकणारे.

या गोंधळाचें गणित अब्रॅमसन यांनीं १९७० सालींच प्रसिद्ध केलें होतें. एक पाकीट चाललें असतां दुसरें निघालें तर घात होतोच. पण पहिलें निघण्याच्या किंचित् आधीं दुसरें निघालेलें असेल, तर त्याचें शेपूट याच्या डोक्यावर येतें. म्हणजे धोक्याचा काळ पाकिटाच्या दुप्पट. यावरून लहरीचें फार तर १८ टक्के सामर्थ्य सार्थकीं लागतें असें निघतें. गर्दी त्याहून वाढली तर लाभ उलट घटतो, कारण बिघडलेलीं पाकिटें पुन्हां निघून नव्या टकरी घडवितात. १९७२ मध्यें लॅरी रॉबर्ट्स यांनीं सुचविलें कीं, काळाचे सारखे तुकडे पाडावे व प्रत्येकानें तुकड्याच्या आरंभींच निघावें. त्यानें धोक्याचा काळ निम्मा होऊन प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलें. ऐंशी टक्क्यांहून अधिक वायां घालविणारी योजना एखाद्या हिशेबनिसानें पहिल्याच बैठकींत नामंजूर केली असती. पण नवा मनुष्य आला तर त्याच्यासाठीं कांहीं राखावें लागत नाहीं, गेला तर कांहीं परत घ्यावें लागत नाहीं. फिरतीवरच्या यंत्रांना हवें होतें तें हेंच.

रॉबर्ट मेटकाफ यांनीं हा निबंध वाचला, आणि १९७३ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत ‘ईथरनेट’ची कल्पना मांडली. तेथें संदेश तारेंतून जात. त्यामुळें प्रत्येक यंत्र बोलण्यापूर्वीं कानोसा घेई, आणि बोलतांना टक्कर झाली तर तत्काळ गप्प बसे. हवेंत हें इतकें सोपें नाहीं. बोलणाऱ्या यंत्राचा स्वतःचा आवाज इतका प्रचंड असतो कीं, दुरून येणारी क्षीण हांक त्यांत बुडून जाते. दुसरी अडचण त्याहून बिकट. डोंगराच्या एका अंगास एक यंत्र व दुसऱ्या अंगास दुसरें. माथ्यावरच्या केंद्राला दोन्हीं ऐकूं येतात, पण त्यांना एकमेकांची चाहूल नाहीं. दोघांनींहि कानोसा घेतला, दोघांनाहि शांतता आढळली, आणि टक्कर माथ्यावर झाली. या लपलेल्या शेजाऱ्याचा प्रश्न तोबागी व क्लाइनरॉक यांनीं १९७५ मध्यें मांडला. फिल कार्न यांनीं १९९० मध्यें त्यावर तोड सुचविली: आधीं एका लहानशा संदेशानें परवानगी मागावी, आणि ऐकणाऱ्यानें होकार दिला कीं तो होकार ऐकणाऱ्या इतर सर्वांनीं गप्प राहावें. १९९७ च्या बिनतारी जाळ्यांच्या नियमावलींत, म्हणजे घरोघरच्या वाय-फायच्या मुळाशीं, ही रीत आहे. मोबाइल फोन मनोऱ्याला पहिली हांक मारतो तीहि रॉबर्ट्स यांच्या तुकड्यांच्याच धर्तीवर.

हल्लीं संशोधकांपुढें निराळ्याच जातीचीं यंत्रें आहेत: शेतांतील ओलावा किंवा नळाचें पाणी मोजणारीं, दिवसाकांठीं चार आंकडे पाठविणारीं, आणि एका लहानशा बॅटरीवर वर्षानुवर्षे चालावयाचीं. कानोसा घेत बसणें यालाहि वीज लागते, आणि तीच त्यांच्यापाशीं थोडी. म्हणून ‘लोरावॅन’सारख्या जाळ्यांत अशीं कित्येक यंत्रें कानोसा न घेतांच बोलून मोकळीं होतात. तेथें अब्रॅमसन यांचेंच १८ टक्क्यांचें गणित पुन्हां मांडावें लागतें. फरक एवढाच कीं, एका केंद्राभोंवतीं आतां हजारों यंत्रें जमलेलीं असतात.